छप्पर उडालं व्हा!

आमच्या शाळेत विज्ञान शिकवणारे पुष्कळ आहेत, पण नट एकच! तो म्हणजे मी. त्यामुळे पंख्याच्या जाहिरातीसाठी बोलावणं आलं, तेव्हा मी बायकोला एवढंच म्हटलं, "उशीरच केला त्यांनी!"

दिग्दर्शक पोरगेलासा होता. त्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं.

"काका, तुम्ही डोंगराकडचे ना? मग तसं बोला की!"

"तसंच तर बोलतोय."

"छे! हे तर सगळ्यांसारखंच झालं. लोकांना कळणार कसं?"

मग डोंगराकडचं कसं बोलायचं, ते मला शिकवायला एक बाई आल्या. त्यांनी डोंगर पाहिला होता तो कॅलेंडरवर! प्रत्येक वाक्याच्या शेपटाला 'व्हा' लावायचं. आमच्याकडे 'व्हा' म्हणणारा माणूस मी जन्मात ऐकलेला नाही. पण कॅमेरा दिसला की नटाची अक्कल चरायला जाते! डोक्याला फडकं, काखेत कोंबडी. डोंगराकडचा गडी पहिल्यांदाच शहरात येतो, पंखा फिरायला लागतो आणि हा "छप्पर उडालं व्हा!" असं ओरडत पलंगाखाली घुसतो. कोंबडी मात्र पलंगावर बसून ऐटीत वारा खाते. आमच्या दोघांत शहाणी तीच!

जाहिरात लागायची त्या संध्याकाळी मी सगळा शेजार गोळा केला. बाबाही होते. त्यांनी डोंगरातल्या शाळेत मास्तरकीत हयात घालवली होती आणि आता डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ते आमच्याकडे आले होते. मी पलंगाखाली घुसलो आणि खोलीत हशा फुटला! शेजारीणबाई तर हसता हसता खुर्चीवरून घसरल्या.

बाबांना चित्र धूसर दिसत होतं. ते म्हणाले, "कोण रे हा? आणि बोलतोय कुठली भाषा?"

"बाबा, मीच तो! आपल्याकडचा माणूस दाखवलाय."

"आपल्याकडचा?" बाबा म्हणाले. "कोण?"

मी टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी वर्गात पंख्याचं बटण दाबलं, तर अख्खा वर्ग बाकांखाली! "छप्पर उडालं व्हा!" मुख्याध्यापिकाबाई धावत आल्या. म्हणाल्या, "सर, पंखा बंद ठेवूनच शिकवत चला." मी घामानं निथळत उष्णतेचा धडा घेतला. एक मुलगी तेवढी बाकावरच बसून होती. तीही आमच्या डोंगराकडची. त्या दिवसापासून तिनं वर्गात तोंड उघडणं बंद केलं. प्रश्न विचारला की खाली मान!

मग डोंगरवासी मंडळाचं बोलावणं आलं. अध्यक्ष टेबलावर मुठी आपटत होते. "तुम्ही आपल्या माणसांचं हसं केलंत! जाहीर निषेध!" टाळ्या. मी हात जोडून माफी मागितली. पुन्हा टाळ्या. आता सुटलो, असं वाटतंय तोवर अध्यक्ष खुर्ची सरकवत जवळ आले आणि हळूच म्हणाले, "निषेध झाला. आता एकदा म्हणून दाखवा की! घरची मंडळी मुद्दाम आलीत."

मी म्हटलं. सगळ्यात मोठ्यानं अध्यक्षच हसले.

त्याच आठवड्यात बाबांना डोळ्याच्या दवाखान्यात नेलं. नावनोंदणीच्या खिडकीतल्या मुलीनं गाव विचारलं. बाबांनी स्वच्छ, खणखणीत आवाजात सांगितलं.

"अय्या, डोंगराकडचे? मग तुम्ही 'व्हा' नाही म्हणत?" ती खुदकन हसली. तेवढ्यात तिची नजर माझ्यावर गेली. "अगं बाई! तुम्ही ते कोंबडीवाले ना? छप्पर उडालं व्हा!"

खुर्च्यांवरची माणसं वळून बघायला लागली. कुणीतरी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मी सवयीनं हसलो. काय करणार!

"आजोबा, हे तुमचे कोण? मुलगा का?"

बाबांनी डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "शेजारी राहतात. सोबत म्हणून आलेत."

मी मान डोलावली आणि शेजाऱ्यासारखा, मध्ये एक खुर्ची सोडून बसलो.