गळक्या छताचा उत्तम फोटो

काकूंच्या खोलीचं छत गळत होतं, ही वस्तुस्थिती खात्याने कधीही नाकारली नाही. खात्याचं म्हणणं एवढंच होतं, की छत गळत असल्याचा फोटो हलला आहे.

काकू घरीच शिवणकाम करत आणि गळतीचा डाग होता बरोब्बर शिलाई मशीनच्या डोक्यावर. कुणाचा पांढरा सदरा सुईखाली घेतला रे घेतला, की वरून पिवळट थेंब पडलाच म्हणून समजा. अर्धी गिऱ्हाइकं तोंड फिरवून गेली होती. उरलेलीही गेली, तर मशीन कायमचं झाकून ठेवायचं. म्हणून काकू इमारत-दुरुस्ती खात्यात जातीने हजर झाल्या.

साहेब सज्जन होते. त्यांनी काकूंच्या मोबाइलवरचा फोटो उलटा, आडवा, सगळीकडून पाहिला.

"यात छत कुठलं आणि तुमचा अंगठा कुठला?"

"साहेब, बघायला माणूस पाठवा ना! दोन गल्ल्या सोडून तर घर आहे."

"माणूस पाठवायचा असता, तर फोटो कशाला मागवला असता? तक्रारीसोबत सुस्पष्ट छायाचित्र अनिवार्य आहे. आधी लेन्स पुसा, कोपर टेकवा, झूम करू नका, जवळ जा."

काकू जवळ गेल्या. दुसरा फोटो झकास सरळ आला, पण 'पार्श्वभूमीत पसारा असल्याने विषय ठळक नाही' असा शेरा पडला. तेव्हा काकांनी मशीन उचलून जिन्याखाली नेऊन ठेवलं. धंदा बसला, पण चौकट मोकळी झाली. पुढच्या फोटोत उजेड चुकीच्या बाजूने होता. उजेड सुधारला, तर थेंबच नाही!

"मेलं एरवी डोक्यावर टपटपतं, आणि मोबाइल काढला की लाजतं!" काकू कडाडल्या.

काका हरहुन्नरी माणूस. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या हातापाया पडून ते त्यांच्या फरशीवर बादलीभर पाणी ओतून आले. थेंब आला, पण अगदीच किरकोळ. मग काका स्टुलावर चढले आणि स्क्रूड्रायव्हरने भेग कोरू लागले.

"अहो, छत दुरुस्त करायचंय ना आपल्याला?"

"आधी फोटो तर दुरुस्त होऊ दे!"

काकूंनी मोबाइलमधून नीट न्याहाळलं. "मग जरा डावीकडे कोरा. तिथे उजेड छान आहे."

आणि फोटो आला! टपोऱ्या थेंबात अख्खी खिडकी उलटी दिसत होती. साहेब चक्क खुर्चीतून उठले. त्यांनी तो मोठा करून आपल्या केबिनमध्ये लावला. तिथे भिंतीला ओल आली होती, ती झाकली गेली. काकूंना 'उत्कृष्ट तक्रारदार' असं प्रमाणपत्र मिळालं.

"आणि दुरुस्ती, साहेब?"

"बाई, इतकी सुरेख भेग बुजवायची? नवे तक्रारदार शिकणार कशावर? ती जागा खात्याने प्रशिक्षणासाठी राखून ठेवली आहे."

काकूंना खरं तर रडू यायला हवं होतं. पण खोटं कशाला बोला, प्रमाणपत्र हातात घेऊन त्यांना जरा बरंच वाटलं.

मात्र पोट प्रमाणपत्राने भरत नाही. काकूंनी हट्टाने मशीन परत जागेवर आणलं, वर छत्री बांधली आणि राहिलेला सदरा शिवायला घेतला. दोरा संपला म्हणून त्या कपाटाकडे वळल्या आणि पाठीमागे धाडकन छत आलं खाली. मशीन, छत्री, सदरा, सगळं ढिगाऱ्यात गडप.

"अहो, धावा! कुणीतरी हात लावा, माझं मशीन काढा!"

धावले सगळे. अख्खी इमारत दारात लोटली आणि एकूण एक हात वर झाला. प्रत्येक हातात मोबाइल.

"काकू, अश्शाच वाकून राहा! धुळीतून उजेड काय मस्त येतोय!"

एकटे काका विटा उपसत होते. त्यांनाही बाजूला व्हायला सांगण्यात आलं. ते चौकटीत येत होते.

काकूंच्या तोंडाशी सणसणीत शिवी आली होती. पण सवय ती सवय. "लेन्स पुसलीत का, मेल्यांनो?" त्या ओरडल्या.

फोटो अप्रतिम आला. फिरत फिरत तुमच्याकडेही आला असेल. तुम्ही त्याला रडका चेहरा पाठवलात, दोघाचौघांकडे पुढे ढकललात, 'काय क्लिक आहे!' असंही लिहिलंत. मशीन निघालं का, एवढंच विचारायचं राहून गेलं तुमच्याकडून.