लोव्हिनाचा भाडेकरू

आर्डिस क्रोनने स्वतः केलेला नियम तिच्याच अंगाशी आला, तो एका गुरुवारी, चर्चच्या तळघरात, कॉफी निवायच्या आत.

नियम असा होता: 'दीडशे वर्षे एकाच घराण्याचे शेत' ही पाटी जिल्ह्याच्या जत्रेत ज्यांना हवी असेल, त्यांनी जनगणनेची पाने आणि पूर्वजांची मृत्युपत्रे समितीपुढे ठेवावीत. आजोबा सांगायचे, आत्याला पक्कं आठवतंय, असल्या पुराव्यावर पाटी मिळणार नाही. समितीची चिटणीस म्हणून हा नियम आर्डिसनेच मांडला होता. त्या नियमाच्या जोरावर तिने निम्म्या जिल्ह्याशी वाकडे घेतले होते आणि त्याचा तिला जराही पश्चात्ताप नव्हता. आयोवात मका सगळ्यांकडे उगवतो, कागद सगळ्यांकडे नसतात, असे ती म्हणत असे.

यंदा तिच्या स्वतःच्या शेताची पाळी होती. हायरम फेंटन १८५६ साली बैलगाडीतून आला, त्याने माळ फोडला, आणि त्याच्यापासून ते शेत पिढ्या उतरत आर्डिसपर्यंत आले होते. शेत तिच्या नावावर करून देताना वडील एवढेच म्हणाले होते, की फाटकावर पाटी लागलेली बघायची राहिली. ते गेल्यापासून आर्डिसने दुसरे काही मनात धरले नव्हते.

तिने मृत्युपत्राच्या प्रती समितीला वाटल्या आणि हात मांडीवर ठेवून बसली. समोर डेल्मर फेंटन होता. हायरमचा भाऊ जोसाया, त्याच्या वंशातला हा डेल्मर. त्याचे शेत आर्डिसच्या शेताला लागून होते, आणि मधल्या कुंपणावरून दोन्ही घरांत इतकी जुनी भांडणे होती की मूळ मुद्दा कुणालाच माहीत नव्हता.

"दुसरं पान वाचू का?" डेल्मर म्हणाला.

"वाच की. मला पाठ आहे."

"'माझी पत्नी लोव्हिना हिला घर, सर्व शेत आणि ठिपक्यांची गाय, ती माझी विधवा म्हणून राहील तोवर. तिच्यामागून शेत आमचा मुलगा नेथन याचे. मात्र तिने दुसरे लग्न केल्यास शेत माझा भाऊ जोसाया याचे.'"

"त्या काळी सगळेच नवरे असं लिहायचे," आर्डिस म्हणाली. "पत्राखाली 'आपला नम्र' लिहितात ना, तसं."

"असेल. पण मग तिने दुसरं लग्न केलं का?"

आर्डिसने कॉफीचा कप पुढे ओढला.

खोलीतल्या प्रत्येकाला उत्तर माहीत होते, कारण ते कबरस्तानात दगडावर कोरलेले होते. लोव्हिनाचा जुना दगड पार झिजला होता, म्हणून काही वर्षांपूर्वी आर्डिसनेच नवा बसवला होता आणि त्या दिवशी या सगळ्यांना बटाट्याचे सॅलड खाऊ घातले होते. दगडावर होते: 'लोव्हिना, आणि तिचे प्रिय पती एमरी टटल.'

एमरी टटल हा हायरमचा शेतमजूर. मालक वारला तरी तो गेला नाही. १८८०च्या जनगणनेत तो आणि लोव्हिना एकाच घरात सापडतात, आणि ते घर दोन खोल्यांचे होते. आर्डिस गेली चाळीस वर्षे रविवारच्या शाळेत मुलांना दहा आज्ञा शिकवत होती. त्या दोन खोल्यांवरून तिने जो काढता येईल तो एकमेव सभ्य निष्कर्ष काढला होता.

"ती मिसेस टटल झाली त्या दिवशी शेत जोसायाचं झालं," डेल्मर म्हणाला. "नंतर तुम्ही ते कसलंत, आमची हरकत नाही. कायद्याने आता काही होतही नाही. पण पाटीवर 'वारसाने' असा शब्द आहे. तो खोटा ठरतो."

समितीचे अध्यक्ष निवृत्त पाद्री लुंडक्विस्ट होते. कुणाचे मन दुखावू नये म्हणून ते प्रत्येक वाक्य अर्धे बोलून थांबत. "आर्डिस, दगडावर तूच..."

"मी तसं धरून चालले होते, पास्टर."

"हं. पण आपल्या नियमात धरून चालणं..."

"बसत नाही," आर्डिस म्हणाली. ते वाक्य तिचेच होते.

पुढच्या गुरुवारपर्यंत तिला मुदत मिळाली.

घरी तिचा नवरा मर्ल पेरणीयंत्राचा एक भाग स्वयंपाकघराच्या टेबलावर उघडून बसला होता. त्याने सगळे ऐकून घेतले. बोल्ट पुसला. मग विचारले, "म्हणजे आता तुला सिद्ध काय करायचंय?"

"की त्यांचं लग्न झालेलं नव्हतं."

"पण राहत होते एकत्र."

"हो."

"एका घरात."

"मर्ल."

"नाही, मी फक्त समजून घेतोय. तुझी भाची मित्राला घेऊन आली, तर त्या पोराला तू तळघरात झोपवलंस. आणि खापरपणजीने मात्र..."

"खापरपणजीला तळघर नव्हतं," आर्डिस म्हणाली आणि गाडीची किल्ली उचलली.

वंशावळ शोधणारी माणसे नोंद सापडावी म्हणून देवाला हात जोडतात. आर्डिस त्या आठवड्यात नोंद सापडू नये म्हणून जोडत होती. मर्ल पिकअप चालवत होता आणि ती एकेका जिल्ह्याच्या कोर्टात जाऊन लग्नांची जुनी नोंदपुस्तके उघडत होती. टटल नावाचे पान आले की ती ओळीवरून दोनदा बोट फिरवी. एके ठिकाणी कारकून मुलगी फार हळहळली.

"सॉरी हं आजी. सगळं बघितलं. तुमच्या आजीबाईंच्या लग्नाची नोंद कुठेच नाही."

"नक्की ना?"

"नक्की. वाईट वाटून घेऊ नका."

"वाईट कसलं," आर्डिस म्हणाली. "तसं लिहून दे. शिक्का मारून."

मुलीने शिक्का मारला. दुसऱ्या एका कोर्टात एक टटल खरोखरच बोहल्यावर चढलेला सापडला. आर्डिसने बाकावर बसकण मारली आणि मर्लने तिला पाणी आणून दिले. मग त्याने पान नीट वाचले. नवऱ्या मुलाचे नाव एमरीच होते, पण तो होता सतरा वर्षांचा, आणि नवरी होती कुणी आयरिश मुलगी. दुसराच टटल. आर्डिसने उरलेले पाणी एका घोटात संपवले आणि पुढच्या जिल्ह्याचा रस्ता विचारला.

जनगणनेची पानेही तिने पुन्हा काढली, या वेळी डोळ्यांत तेल घालून. १८७०: टटल, शेतमजूर. १८८०: टटल, भाडेकरू. १८९०ची जनगणना वॉशिंग्टनला आगीत जळाली, त्याबद्दल तिने पूर्वी जेवढी चिडचिड केली होती तेवढी आता केली नाही. १९००: लोव्हिना, विधवा. टटल, भाडेकरू, अविवाहित.

"हे बघ," ती मर्लला म्हणाली. "तीन-तीन प्रगणक आले आणि तिने तिघांना तेच सांगितलं."

"भाडं किती देत होता ते लिहिलंय का?"

"मर्ल, गाडी चालव."

शेवटी ती आपल्याच जिल्ह्याच्या कोर्टात आली आणि आजवर कधी न मागितलेली गोष्ट तिने मागितली. लोव्हिनाचे मृत्युपत्र. शेत हायरमच्या मृत्युपत्राने नेथनकडे आलेले असल्याने तिला त्याची गरजच पडली नव्हती. ते तिने उभ्या उभ्या वाचले. मग बाहेर येऊन मर्लच्या हातात दिले. मर्लने वाचले, टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

"मोठी बाई होती," तो म्हणाला.

गुरुवारी तळघरात बसायला जागा नव्हती. जिल्हाभरातून लोक आले होते आणि येताना घरी भाजलेले ॲपल-पाय घेऊन आले होते, कारण निकाल काय लागतो ते उपाशीपोटी ऐकवणार नव्हते.

डेल्मरने तयारी केली होती. नवा शर्ट घालून तो उभा राहिला.

"लोव्हिना आमच्याही घराण्यातली होती," तो म्हणाला. "माझ्या खापरपणजोबांची वहिनी. चर्चला जाणारी बाई. ती परक्या पुरुषाबरोबर लग्नाशिवाय राहिली असं कुणी म्हणत असेल, तर मला ते ऐकवत नाही. तिच्या अब्रूसाठी मी उभा आहे."

"तिच्या अब्रूचं मी बघते," आर्डिस म्हणाली. "तिचं लग्न झालं नव्हतं. ती त्याच्याबरोबर राहत होती. मी रविवारच्या शाळेची बाई आहे आणि हे पूर्ण शुद्धीवर सांगतेय."

पाद्री लुंडक्विस्ट यांनी कॉफीच्या कपात पाहिले.

आर्डिसने शिक्क्याचे कागद एकावर एक ठेवले, जनगणनेची पाने फिरवली. डेल्मरने ती पाने उचलली आणि हसला. "भाडेकरू म्हणे. हे कुणी सांगितलं? तिनेच. आता हिची वयं बघा. १८७०ला एकेचाळीस. १८८०ला सत्तेचाळीस. १९००ला एकोणसाठ. तीस वर्षांत ही बाई अठरा वर्षांनी मोठी झाली. जी वयाबद्दल खोटं बोलते ती लग्नाबद्दल खरं बोलली असेल?"

"वयाचं वेगळं असतं," मागून एक बाई म्हणाली. बऱ्याच बायकांनी माना डोलावल्या.

"वेगळं कसं?"

"तू तुझ्या बायकोला विचार, डेल्मर."

"ते राहू दे," आर्डिस म्हणाली. "मुद्दा रास्त आहे. प्रगणक दारात उभा असतो, त्याला काहीही सांगता येतं. म्हणून हे." तिने मृत्युपत्र उलगडले आणि शाळेत धडा वाचावा तशा आवाजात वाचले.

"'मी, लोव्हिना फेंटन, शपथेवर सांगते की एमरी टटल याच्याशी माझे लग्न कधीही झालेले नाही. यात त्याचा काही दोष नाही. पेरणी आटोपली की दर वर्षी तो विचारत असे. मला ना शेत सोडायचे होते, ना एमरी. माझा पितळी पलंग त्याला द्यावा. त्याला डाव्या बाजूची सवय आहे.'"

कुणीतरी हसू दाबले. मग कुणी दाबले नाही. पाद्री लुंडक्विस्ट यांना ठसका लागला. हसू ओसरायला वेळ लागला, आणि ओसरले तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोन बायका डोळे पुसत होत्या, त्या हसण्यानेच असे म्हणता येणार नव्हते.

"हेही तिचंच म्हणणं झालं," डेल्मर म्हणाला, पण आता जरा हळू.

"खाली दोन साक्षीदार आहेत. एक डॉक्टर. दुसरा तू वाच."

डेल्मरने कागद दिव्याखाली धरला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"जोसाया फेंटन," तो म्हणाला.

"तिचं लग्न झालं असतं तर शेत ज्याला मिळणार होतं, तो. कुंपणापलीकडून त्याने जन्मभर तिच्यावर डोळा ठेवला. आता सहीखाली त्याने काय लिहिलंय तेही वाच."

"आर्डिस..."

"मोठ्याने. मागच्यांना ऐकू जात नाही."

"'वरील मजकूर खरा आहे,'" डेल्मरने वाचले. "'मी सर्व जिल्ह्यांत चौकशी केली आहे.'"

"अक्षर त्याचंच का?"

डेल्मर कुंपणासाठी भांडणारा माणूस होता, पण खोटे बोलणारा नव्हता. "त्याचंच," तो म्हणाला. "आमच्या बायबलात अगदी असाच 'ज' आहे."

पाद्री लुंडक्विस्ट उठले. या वेळी वाक्य पूर्ण करण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते. "लोव्हिनाबाई आणि श्री. टटल यांचा विवाह झालेला नव्हता, ते आयुष्यभर तसेच राहिले, याबद्दल समितीची खात्री पटली आहे." ते थांबले. पाद्री म्हणून आणखी काही बोलावे की काय, हे त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर दिसले. "अभिनंदन, आर्डिस."

टाळ्या इतक्या झाल्या की वरच्या मजल्यावर सराव करणारी ऑर्गनवाली वाजवायची थांबली.

जत्रेआधी एक काम उरले होते. दगडावर खोटे कोरलेले राहणे आर्डिसला चालणार नव्हते. तिने पाथरवटाला कबरस्तानात नेले.

"'प्रिय पती' काढायचं?" त्याने विचारले.

आर्डिसने थोडा विचार केला. "पती काढ. प्रिय राहू दे."

जत्रेच्या दिवशी गुरांचे प्रदर्शन संपल्यावर त्याच मैदानात पाट्या दिल्या गेल्या. पाद्री लुंडक्विस्ट यांच्या हातात ध्वनिक्षेपक होता आणि समोर लहान मुलेही होती. त्यांनी सगळे शक्य तितके मऊ केले. "हे शेत हायरम फेंटन यांचं, आणि त्यांच्या पश्चात ते राखलं त्यांच्या पत्नी लोव्हिना यांनी, आणि लोव्हिना यांचे, म्हणजे, दुसरे पती..."

आर्डिस पाटी काखेत धरून पुढे झाली आणि तिने ध्वनिक्षेपक त्यांच्या हातातून घेतला.

"दुरुस्ती," ती म्हणाली. "पती नव्हते. एक दिवसही नव्हते. ज्यांना कागद बघायचे असतील त्यांनी पिकअपपाशी यावं."

बाकांवरून पहिल्यांदा टाळी आली ती पाद्रींच्या पत्नीची. मग सगळे मैदान वाजले, आणि खालच्या गोठ्यांतली बक्षिसाची गुरे बिथरून ओरडू लागली. आर्डिस तशीच उभी राहिली. वडिलांची पाटी तिच्या काखेत होती आणि ती कुणालाही खोटी म्हणता येणार नव्हती.

पिकअपपाशी ती पोहोचली तेव्हा तिथे आधीच रांग होती, मक्याच्या कणसांच्या गाडीपुढे होती त्याहून लांब. रांगेच्या तोंडाशी नवा शर्ट घातलेला डेल्मर उभा होता. मृत्युपत्र त्याने मर्लकडून मागून घेतले होते आणि आलेल्या प्रत्येकाला तो बोट ठेवून सही दाखवत होता.

"हे आमचे खापरपणजोबा," तो सांगत होता. "यांनी साक्ष दिली म्हणून पाटी मिळाली. नाहीतर काही खरं नव्हतं."

आर्डिसने ते वाक्य ऐकले. सवयीने तिने त्यात चूक शोधली. सापडली नाही.