गाडी बंद करायची नाही

घड्याळजींनी किल्ली फिरवली. मोटारघर खोकलं आणि गप्प झालं.

"घेतेय," ते म्हणाले.

"काय घेतेय दाजी? समाधी?" मेहुण्यानं बॉनेटमध्ये डोकं घालूनच विचारलं.

बाई, म्हणजे घड्याळजींची बायको, पायरीवर बसून होत्या. पिशव्या गाडीत चढवून झाल्या होत्या, घराला कुलूप लागलं होतं. आता पुन्हा कुलूप काढावं की नाही, एवढाच प्रश्न होता.

मागे पलंग आणि शेगडी, पुढे म्हातारं इंजिन अशी ही गाडी घड्याळजींनी दुकान बंद केल्यावर हौसेनं घेतली होती. बायकोला समुद्र दाखवायचा होता. फक्त त्याआधी गाडी जरा नीट करायची होती. मनगटी घड्याळं दुरुस्त करण्यात हयात गेलेला माणूस. सैल स्क्रू दिसला की त्यांना जेवण जात नसे. त्या 'जरा'मध्ये वर्षं निघून गेली. बाईंनी खिडक्यांना शिवलेले पडदे अंगणातच उन्हानं विटले. त्यांनी नवे शिवले, तेही विटले. मग त्यांचे गुडघे धरले. यंदा त्यांनी "कधी निघायचं?" असं विचारलंच नाही, आणि ते न विचारणं घड्याळजींना फार लागलं. म्हणून काल जेवताना ते स्वतःच म्हणाले होते, "सकाळी निघू."

"बॅटरी उतरलीय," मेहुण्यानं निदान केलं. आपली गाडी शेजारी लावून त्यानं वायरी जोडल्या. मोटारघराचे दिवे लागले, वायपर नाचू लागले, हॉर्न आपसूक वाजायला लागला. इंजिन मात्र हूं की चूं करेना. मग पेट्रोल जुनं झालं असेल म्हणून ते उपसून नवं ओतलं. कार्ब्युरेटर खोलून पुसला. तोवर वाजून वाजून मेहुण्याचीही बॅटरी बसली.

"म्हणजे आता दोन गाड्या बंद," बाई म्हणाल्या. "प्रगती आहे."

शेवटी उतारावरून ढकलायचं ठरलं. घड्याळजी स्टिअरिंगवर बसले, मेहुण्यानं खांदा लावला. फाटकातून बाहेर पडलेलं मोटारघर उताराला लागलं, एक गचका बसला आणि इंजिन धडधडत सुरू झालं. मेहुणा तोंडावर आपटता आपटता वाचला.

"थांबवा ना! मला घ्या!" बाई मागून ओरडल्या.

"थांबवली तर बंद पडेल! वळसा घालून येतो!"

पहिल्या वळशाला बाईंचा हात दाराच्या दांडीपर्यंत पोचला नाही. दुसऱ्या वळशाला चप्पल निसटली. पुढच्या खेपेला मेहुण्यानं बहिणीला मागून असं काही ढकललं, की त्या थेट आत पलंगावर जाऊन पडल्या.

"लागलं का गं?" घड्याळजींनी पुढून विचारलं.

"चप्पल राहिली!"

"आता चप्पल विसर!"

गाव मागे पडलं. वाटेत तळं लागलं, पाण्यावर बगळे उतरत होते. "अहो, जरा थांबू या?" बाईंनी विचारलं. घड्याळजींनी मान हलवली. पुढे टेकडीवरून खालची शेतं दिसली. बाई नुसत्या खिडकीला कपाळ टेकून बघत राहिल्या. एक पाय सतत ॲक्सिलरेटरवर रोवून बसलेल्या घड्याळजींनी आरशातून बायकोकडे पाहिलं. इतकी वर्षं गाडी चालत नव्हती म्हणून हिला काही दाखवलं नाही, आणि आज चालतेय तर चालतेय म्हणून दाखवता येत नाही.

पेट्रोलचा काटा खाली आला, तेव्हा समुद्र बराच लांब होता. पंपावर गाडी घुरघुरत उभी राहिली.

"इंजिन बंद करा, काका," पंपावरचा माणूस म्हणाला.

"बंद केलं तर चालू होणार नाही."

"चालू असताना पेट्रोल देता येत नाही."

"तेवढं आजच्या दिवस..."

"काका, पेटलं तर सगळेच जाऊ."

घड्याळजींनी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला नाही. एवढ्यात बाईंनी पुढे वाकून किल्ली फिरवली. धडधड थांबली. इतकी शांतता पसरली, की रस्त्यापलीकडच्या झाडावरची पाखरं ऐकू आली.

पेट्रोल भरून झालं. किल्ली फिरवली. अर्थातच, काही नाही. मग तिथल्या दोघांनी ढकलून गाडी त्या झाडाखाली नेली.

"चुकलंच माझं," घड्याळजी म्हणाले. "समुद्र राहिला."

"समुद्राचं तुम्हीच म्हणत होतात. मला कुठंतरी जायचं होतं." अनवाणी पायानं बाईंनी शेगडी पेटवली, चहाचं आधण ठेवलं. "ह्या झाडाखाली तुम्ही मला तेव्हाच आणलं असतंत, तरी मी आले असते."

घड्याळजींचा हात सवयीनं अवजारांच्या पेटीकडे गेला आणि तिथून परत आला. त्यांनी घडीच्या खुर्च्या काढून सावलीत मांडल्या.

पंपावरचा माणूस धावत आला. "काका, माझ्या ओळखीचा मेकॅनिक आहे. आत्ता बोलावतो, अर्ध्या तासात चालू करून देईल!"

घड्याळजींनी बायकोकडे पाहिलं. ती कपात चहा गाळत होती.

"नको हो," ते अजिजीनं म्हणाले. "परवा बोलवा."