खिडकीवर काय सांगावे

मातृभाषा ही माणसाची अत्यंत खासगी बाब आहे, आणि खासगी बाबी कोणी खिडकीवर सांगत नाही. हे तत्त्व आमच्या मंडळींनी जितक्या निष्ठेने पाळलं तितकं जगात दुसऱ्या कोणी पाळलं असेल असं मला वाटत नाही.

आमची मंडळी म्हणजे ओहायोत, कोलंबस शहराबाहेरच्या एका उपनगरात राहणारी साठेक मराठी कुटुंबं. (उपनगराचं नाव देत नाही. शाळांवर बोट दाखवलं की घरांच्या किमती उतरतात, आणि मग मला घरोघरचे डबे जमवून होणाऱ्या पॉटलकला कोणी बोलावणार नाही.) इथे मूल पाच वर्षांचं झालं की त्याला शाळेत घालायला न्यावं लागतं. ऑफिसातल्या काचेच्या खिडकीमागे पॅटीबाई बसतात. त्या पत्ता विचारतात, लसी विचारतात आणि शेवटी गोड हसून विचारतात, "घरी कोणती भाषा बोलता?"

या प्रश्नाचं उत्तर 'इंग्लिश' असं आहे.

ते आम्हाला सरलाकाकूंनी सांगितलं. काकू इथे तीस वर्षं आहेत, आणि कोणतंही नवं कुटुंब राहायला आलं की पातेलंभर मसालेभात घेऊन स्वतः जाऊन भेटतात. भात संपेपर्यंत सल्ले चालतात. गाडीला बर्फाचे टायर कधी चढवायचे, ताजी कोथिंबीर कोणत्या दुकानात मिळते, दातांच्या कोणत्या डॉक्टरकडे मुळीच जायचं नाही आणि खिडकीवर काय सांगायचं.

"मराठी म्हणालात ना, की पोराची इंग्लिशची टेस्ट घेतात," काकू सांगतात. "मग वेगळ्या वर्गात बसवतात. मग वरचं गणित हुकतं, मग कॉलेज हुकतं, आणि मग बसा." काकूंच्या या मांडणीत आजवर कोणालाही दोष सापडलेला नाही, कारण कोणी शोधलेला नाही.

सबब आम्ही सगळ्यांनी 'इंग्लिश' सांगितलं. मी माझ्या मुलीला, रुहीला, घेऊन गेलो तेव्हा ती माझी पँट ओढत "बाबा, शू लागली" असं म्हणत होती. मी पॅटीबाईंना "इंग्लिश" म्हणालो आणि रुहीला "वेट, बेटा" म्हणालो. म्हणजे उत्तराला जागच्या जागी पुरावाही जोडला.

एकच कुटुंब चुकलं. नागपूरहून आलेले बुद्धभूषण आणि सोनल. ते आले तेव्हा काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, त्यामुळे मसालेभात पोचला नाही आणि बुद्धभूषण खिडकीवर "मराठी" म्हणून मोकळे झाले. असं का केलंत, असं आम्ही नंतर विचारलं. "त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं," ते म्हणाले. त्यांच्या जयची टेस्ट झाली, आणि काही महिने दुपारच्या वेळी तो वेगळ्या खोलीत बसला. तिथे एक जपानी मुलगा होता, एक युक्रेनची मुलगी होती आणि रोज बिस्किटं मिळायची. आम्ही मंडळी समाचाराला जाऊन आलो. (जय आज शाळेच्या वादविवाद संघाचा कप्तान आहे. पण समाचाराला गेलो तेव्हा हे कोणाला ठाऊक होतं.)

पुढे काही वर्षांनी हायस्कूलात मराठीचा वर्ग सुरू झाला. केमिस्ट्री शिकवणाऱ्या मैत्रीताईंनी वरिष्ठांच्या मागे लागून तो मिळवला होता. आमच्या मंडळींना इतका आनंद झाला की आम्ही त्यांचा शाल देऊन सत्कार केला, मातृभाषेवर भाषणं केली, आणि दुसऱ्या दिवशी मुलांची नावं स्पॅनिशमध्ये घातली. स्पॅनिशला कॉलेजच्या अर्जात वजन आहे. तरीही मराठीला दहा-बारा मुलं मिळाली, कारण स्पॅनिशच्या जागा संपल्या.

रुहीने मात्र मराठी स्वतःहून मागितली. माझा ऊर भरून आला. मी कारण विचारलं.

"तू आणि आई माझ्याबद्दल मराठीत बोलता," ती इंग्रजीत म्हणाली. "काय बोलता ते मला कळायला हवं."

इथे नमूद केलं पाहिजे की आमच्या घरात मराठी उत्तम प्रकारे जिवंत आहे. रुहीचे मार्क, तिच्या मैत्रिणीचा तो केसाळ मित्र, तिला गाडी कधी चालवू द्यावी, वाढदिवसाला काय आणावं, हे सगळं माझी बायको इला आणि मी मराठीतच बोलतो. जेवणाच्या टेबलावर, रुहीच्या समोर, अगदी मोकळेपणाने. इतर भाषांत यासाठी उठून दार लावावं लागतं.

तर असं सगळं सुरळीत चालू असताना शाळांच्या बजेटमध्ये तूट आली, आणि भाषांचे वर्ग कमी करायचं घाटू लागलं. त्यात नोव्हेंबरात स्कूल बोर्डाची निवडणूक. एका जागेसाठी दोन उमेदवार उभे राहिले. रॉजर हे घरांचे एजंट. त्यांचं म्हणणं, छोट्या भाषा बंद करा आणि फुटबॉलच्या मैदानावर नकली गवत घाला. दुसऱ्या डोनाबाई, निवृत्त लायब्ररियन. त्यांचं म्हणणं, गवत राहू द्या, भाषा वाचवा.

आम्ही तातडीने 'भाषा बचाव समिती' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. मी चिटणीस. ग्रुपवर तीन आठवडे अत्यंत उच्च दर्जाची चर्चा झाली, आणि ती सर्वांना कळावी म्हणून इंग्रजीत झाली. रॉजरच्या बाजूने मुद्दे असे आले: त्याने आपल्यापैकी अनेकांना घर घेऊन दिलं आहे, तो दिवाळीला मिठाई पाठवतो, आणि "यार, गवताने प्रॉपर्टी व्हॅल्यू वाढते." डोनाच्या बाजूने: ती मातृभाषेबद्दल बोलते, आणि गेल्या पॉटलकला तिने साबुदाणा खिचडी दोनदा घेतली. चर्चा करणाऱ्यांपैकी बहुतेकांना मत देण्याचा अधिकार नव्हता (ग्रीन कार्डाची रांग), त्यामुळे चर्चेत कुठेही स्वार्थ शिरला नाही. अधिकार असलेले लोक दिवाळीसाठी भारतात होते.

मग काकूंच्या बेसमेंटमध्ये दोन्ही उमेदवारांना बोलावून सभा घेतली. पालकांनी उमेदवारांना भरपूर धारेवर धरलं. बसचा थांबा आमच्या कॉर्नरवर का नाही? सहावीतच बीजगणित का सुरू होत नाही? शाळा सुटताना गाड्यांची रांग डावीकडून का लावतात? माझा मुलगा हुशार असूनही हुशारांच्या यादीत का नाही? भाषेबद्दल कोणी विचारलं नाही, कारण तो विषय सभेच्या बॅनरवर होताच.

शेवटी डोनाबाईंनी स्वतःच तो काढला. "मी निवडून आले तर मराठीसाठी भांडेन," त्या म्हणाल्या. "पण बोर्डाचा नियम आहे. जी भाषा निदान चाळीस घरांत मुलांशी बोलली जाते, ती ठेवायची. तुमची घरं किती, हे मी शाळेच्या ऑफिसात विचारलं."

"किती?" काकूंनी विचारलं.

"एक."

सगळ्यांनी वळून बुद्धभूषणकडे पाहिलं. तो भला माणूस संकोचाने पाणी प्यायला.

डोनाबाई निवडून आल्या. हरल्या असत्या तर आम्ही रॉजरला आणि अमेरिकेला नावं ठेवून समाधानाने झोपलो असतो. पण त्या आल्या, आणि त्यांनी आमच्यासाठी मार्गही काढला. घरांची मोजणी पुन्हा होईल. पालकांचं उत्तर एकदा घेऊन झालं आहे, तेव्हा या वेळी मुलांना विचारलं जाईल. विचारणार पॅटीबाईच, त्याच खिडकीतून.

समितीने ताबडतोब तयारीचा वर्ग काढला. काकूंच्या बेसमेंटमध्ये रविवारी मुलांना रांगेत बसवून 'घरी कोणती भाषा बोलतोस?' या प्रश्नाला 'मराठी' असं उत्तर द्यायला शिकवण्यात आलं. (सूचना इंग्रजीत होत्या.) प्रगती समाधानकारक होती. लहान मुलांचा 'ठ' थोडा कच्चा राहिला, परंतु पॅटीबाईंना तो कळण्याची शक्यता नव्हती.

त्या काळात मला रुहीची काळजी नव्हती. तिला तो वर्ग हवा होता. ती जोडाक्षरांपर्यंत आली होती, आणि फ्रीजवरच्या किराणा यादीतलं 'शेंगदाणे' तिने एका दमात वाचलं तेव्हा मला खरोखर फार बरं वाटलं होतं. दर मंगळवारी मैत्रीताई त्यांना मराठीत गप्पा मारायला लावत, आणि त्या दिवशी ती घरी जरा मिरवत यायची. तो वर्ग बंद पडू नये, एवढी एकच गोष्ट तिने त्या वर्षी आमच्याकडे मागितली होती. बाकी तिला सगळं आधीच मिळालेलं होतं.

मोजणीच्या दिवशी आम्ही सगळे खिडकीसमोर रांगेत उभे राहिलो. पहिला मुलगा पुढे झाला. पॅटीबाईंनी विचारलं, "घरी कोणती भाषा?" तो खणखणीत म्हणाला, "मराठी." रांगेत समाधानाची कुजबुज झाली.

"वा," पॅटीबाई म्हणाल्या. "कोणाशी बोलतोस?"

हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता.

मुलगा विचारात पडला. "कुत्र्याशी," तो म्हणाला. आजोबा सहा महिने राहून गेले होते, त्यांनी कुत्र्याला 'बस' आणि 'गप' शिकवलं होतं. पुढची मुलगी म्हणाली, आजीशी, फोनवर, पण आजी फक्त 'जेवलीस का' विचारते आणि ती फक्त 'हो' म्हणते. काकूंचा नातू म्हणाला, मी नाही बोलत, पण आईबाबा भांडताना बोलतात, दॅट काउंट्स, राइट? पॅटीबाईंनी खेदाने मान हलवली. जयने मात्र आई, बाबा, आजी, आणि रागावलो तर स्वतःशी, अशी पूर्ण यादी दिली. एक घर पक्कं झालं, जे आधीच पक्कं होतं.

रुहीची पाळी आली. कोणती भाषा, या प्रश्नावर ती "मराठी" म्हणाली, आणि कोणाशी, या प्रश्नाला तिने मराठीतच उत्तर द्यायचं ठरवलं. सावकाश, एकेक शब्द जपून ठेवत ती म्हणाली, "मैत्रीताईंशी बोलते. शाळेत. घरी माझ्याशी कोणी मराठी बोलत नाही. आईबाबा एकमेकांशी बोलतात. माझ्याबद्दल."

एकही चूक नव्हती. मला इतका आनंद झाला की ती काय म्हणाली हे कळायला क्षणभर उशीर झाला.

पॅटीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "ती काय म्हणाली?"

मी चिटणीस होतो. माझ्यावर साठ कुटुंबांची जबाबदारी होती. "ती म्हणते," मी इंग्रजीत भाषांतर केलं, "की ती आमच्याशी बोलते. रोज. घरी."

"मी असं नाही म्हणाले," रुही पॅटीबाईंना इंग्रजीत म्हणाली. मग माझी समजूत घालावी तसं तिने त्यांना शांतपणे सांगितलं, "बाबांचं मराठी थोडं कच्चं आहे."

रांग हसली. मीही हसलो, दुसरं काय करणार. रुही नाही हसली. ती माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "वर्ग राहावा म्हणून खोटं कशाला, बाबा? तुम्हीच बोला ना माझ्याशी."

तिचं बरोबर होतं. (हे समितीचं अधिकृत मत नाही.) मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि मनापासून उत्तर दिलं.

"शुअर, बेटा," मी म्हणालो.

मोजणीचा निकाल अपेक्षेप्रमाणे लागला. मराठी घरी बोलली जात नाही, ती फक्त शाळेतल्या वर्गात बोलली जाते, असं निष्पन्न झालं. तेव्हा घरी बोलली जात नसलेली भाषा म्हणून तो वर्ग बंद करण्यात आला. डोनाबाईंना वाईट वाटलं, त्यांना आम्ही साबुदाणा खिचडी पाठवली. मैत्रीताई पूर्णवेळ केमिस्ट्रीकडे गेल्या. मैदानावर शेवटी गवत आलं, आणि ते खरंच छान दिसतं. समितीने सर्वानुमते ठराव केला की आपण पॅटीबाईंना कधीच खोटं सांगितलं नव्हतं. फक्त जे खरं ते दहा वर्षं आधी सांगितलं होतं.

रुही आता मंगळवारी बुद्धभूषणांच्या घरी जाते. तिथे जयची आजी तिच्याशी बोलते, आणि रुही वऱ्हाडी शिव्यांपर्यंत पोचली आहे. आमच्याकडे मात्र थोडी गैरसोय झाली. तिला सगळंच कळू लागल्यामुळे इला आणि मला टेबलावर बोलता येत नाही. आम्ही गॅरेजमध्ये जाऊन बोलतो. त्यामुळे आमच्या घरी मराठी कुठे बोलली जाते, असं पुन्हा कोणी विचारलं तर निदान नेमकी जागा सांगता येईल.

आता वाचकांना एक सूचना. या कथेत घरातल्या काही खासगी गोष्टी आल्या आहेत, तेव्हा ती मुलांच्या हाती लागली तर, अशी काळजी तुम्हाला वाटत असेल. ती मनातून काढून टाका. वाचून झालं की कथा तशीच टेबलावर उघडी ठेवा. तुमच्या घरात ती अगदी सुरक्षित आहे.