चूक, तू, पुरे

माझ्या नजरेतून काही सुटत नाही. सुटलंच, तर ते मुळात पाहण्यासारखं नव्हतं असं समजावं. नऊ वर्षं मी खासगी गुप्तहेर आहे. इतका गुप्त, की गिऱ्हाइकांनाही अजून पत्ता लागलेला नाही. म्हणून ताईच्या फुलांच्या दुकानात बसतो.

तिथेच मंगळवारी घड्याळजी आला. बायको रुसून बहिणीकडे गेली होती आणि हा दुकानाच्या नव्या चॅटबॉटवरून तिला रोज फुलं पाठवत होता. बॉटला 'कार्ड' असा हुकूम द्यायचा, पुढे मजकूर लिहायचा, की यंत्रातून कार्ड छापून येतं. ताई ते न वाचताच गुच्छाला बांधते.

"मी लिहिलं, चूक माझीच होती. तिने कार्डाचा फोटो पाठवला, त्यावर नुसतं 'चूक'."

"दुसऱ्या दिवशी?"

"तू म्हणशील तसं वागेन. आलं 'तू'."

"आणि काल?"

"पुरे झालं भांडण, घरी ये." तो खाली बघायला लागला. "आता ती फोनच उचलत नाही."

मी भिंग काढलं. "मेहुणीने कार्डं कापली."

"फोटोत कार्डं पूर्ण मापाची आहेत," ताई म्हणाली.

"मग शाई संपली."

ताईने त्याच यंत्रावर आज छापलेलं अख्खं दरपत्रक दाखवलं.

"तर तुमच्यावर जळणारा दुसरा घड्याळजी."

"गावात दुसरा घड्याळजी नाही."

"म्हणजे तो लपलाय."

एवढ्यात घड्याळजीची बायको स्वतःच आली. ती छापखान्यात मुद्रितं तपासते. तिन्ही कार्डं टेबलावर ठेवून ती ताईला म्हणाली, "यापुढे फुलं नकोत."

ताईने बॉटचा पडदा तिच्याकडे वळवला. तिने तिन्ही संदेश वाचले. तिसरा जरा जास्तच वेळ.

"पहिली मोकळी जागा आली की तुमचा बॉट थांबतो," ती म्हणाली. "एकच शब्द घेतो, बाकीचे टाकून देतो. इतरांच्या लक्षात कसं नाही आलं?"

"इतर लोक 'अभिनंदन' लिहितात," ताई म्हणाली.

बॉट बनवणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, मजकूर अवतरणचिन्हांत घाला, मग अख्खा जाईल.

"चिन्हं गाळू नका, हे मी घरात वीस वर्षं सांगतेय," म्हणत तिने स्वतःच टंकलं. कार्ड बाहेर आलं. तिने ते नवऱ्याच्या हातात दिलं.

'भांडण संपलेलं नाही. उरलेलं घरी करू.'

त्याने ते दोनदा वाचलं आणि तिची पिशवी उचलली.

मी वहीत नोंद केली: प्रकरण उलगडलं. गुन्हेगार, मोकळी जागा. अद्याप फरार.