उजेड तोंडावर हवा!

सूर्यास्त बघायला जागा कशी शोधायची, हे मला कोणी शिकवायची गरज नाही. उजेड हा माझा धंदा आहे! अर्धं आयुष्य मी पासपोर्ट फोटो काढण्यात घालवलंय. नुसती दिव्याची मान वळवून मी भल्याभल्यांच्या दुहेरी हनुवट्या गायब केल्या आहेत. त्यामुळे बेटावर पाऊल ठेवल्या ठेवल्या मी बायकोला सांगून टाकलं, "तू फक्त बसायचं. जागा मी शोधतो. अशी शोधतो, की सूर्य खास तुझ्यासाठी बुडतोय असं वाटलं पाहिजे!"

"जागा कुठलीही चालेल हो," ती म्हणाली. "तुम्ही शेजारी बसा, म्हणजे झालं."

हे ती गमतीत म्हणाली नव्हती. तिच्या उजव्या डोळ्याची नजर मागेच गेली. डाव्याचं ऑपरेशन आम्ही घरी परतलो की लगेच. डॉक्टर भला माणूस, पण "प्रयत्न करू" एवढंच म्हणाला आणि म्हणताना टेबलावरचं पेन उगाच सरळ करत बसला. दवाखान्यातून परत येताना रिक्षात ती म्हणाली, "आपण दोघांनी कधी सूर्यास्त बघितलाच नाही." खरंच होतं. संध्याकाळ म्हणजे दुकानात गर्दीची वेळ. मी पुढे फोटो काढतोय, ती मागच्या खोलीत कात्रीने फोटो कापतेय आणि बाहेर सूर्य आपला आपण बुडतोय. हे कानावर गेलं तशी मुलीने परस्पर बोटीची तिकिटं काढली आणि आम्हाला इथे धाडलं.

पहिल्या संध्याकाळी हॉटेलच्या मॅनेजरने धक्क्यावर पाठवलं. जागा बरी होती, पण बरोबर मधोमध क्रेन! "क्रेनकडे बघू नका ना," बायको म्हणाली. न बघून कसं चालेल? मी तिला हाताला धरून डावीकडे नेलं. तिथे जाळी वाळत घातलेली. आणखी डावीकडे नेलं, तर नारळाचं झाड आडवं आलं. झाड चुकवेपर्यंत अंधार पडला.

दुसऱ्या संध्याकाळी टेकडी. वरून सगळा समुद्र दिसत होता. पण मला वाटलं, अजून थोडं वर गेलं तर? गेलो. मग अजून थोडं. असं करत करत आम्ही टेकडीच्या पलीकडच्या अंगाला उतरलो! सूर्य टेकडीमागे आणि समोर एक बांधलेली गाय. बायको दगडावर बसून धापा टाकत होती. "गाय छान आहे," ती म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उरली एकच संध्याकाळ. रिक्षावाल्याला गळ घालून मी बेटाचं पश्चिमेचं टोक गाठलं. आणि काय सांगू! बसायला दगडी कठडा, खाली पाणी, समोर मोकळं आभाळ. ना क्रेन, ना झाड, ना गाय.

"हीच ती जागा! माझी जागा धरून ठेव. आलोच."

"आता कुठे निघालात?"

"एवढं ते जोडपं बाजूला करून येतो!"

एक नवं जोडपं अगदी सूर्यासमोर उभं राहून स्वतःचे फोटो काढत होतं. मी सभ्यपणे म्हणालो, "जरा इकडे सरकता का?"

"अय्या, तुम्ही काढून देता? थँक्यू काका!" म्हणत त्या मुलीने फोन माझ्या हातात कोंबला.

नाही म्हणायलाच मी तोंड उघडलं होतं. पण समोर माणूस ताठ उभा राहिला की माझं तोंड ठरलेलंच बोलतं. "उजेड तोंडावर हवा! फिरा. सूर्याकडे बघा." ते फिरले. मी सूर्याकडे पाठ केली. त्यांच्यामागे एक पांढरीशुभ्र भिंत होती. सपाट, एकसारखी, डाग म्हणून नाही! मला भरून आलं. "हसू नका. केस मागे घ्या. कान दिसू द्या."

फोटो बघून मुलाचा चेहरा पडला. "काका, यात सूर्य कुठंय?"

"तुमच्या तोंडावर!"

"आणि मागे हे काय आहे?"

"स्वच्छतागृह."

ती दोघं तणतणत गेली. प्रकरण तिथेच मिटायचं. पण तेवढ्यात एक धिप्पाड गृहस्थ पुढे आले. "मला अगदी असाच हवाय! व्हिसासाठी." त्यांचा काढला. "अरे वा, दोन्ही कान आले!" म्हणत त्यांनी बायकोला बोलावलं, मग भावाला, मग वहिनीला. बघता बघता भिंतीपाशी रांग लागली.

"अहो, या ना!" मागून बायकोची हाक आली.

"आलोच!"

"अहो, टेकायला आला!"

"हा शेवटचाच!"

रांगेतल्या निम्म्या लोकांना फोटो नकोच होता, हे मला फार उशिरा कळलं. एक गृहस्थ पाय जुळवून अवघडून उभे होते. "अंग सैल सोडा," मी म्हणालो.

"आधी आत तर जाऊ द्या!" ते कळवळले.

शेवटी धिप्पाड गृहस्थांच्या आई उभ्या राहिल्या. त्यांच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला होता, की मी बघतच राहिलो. तसा उजेड माझ्या दुकानात कधी पडला नाही. आणि एकदम तो गेला.

"ढग आला वाटतं. थांबा जरा."

"ढग नाही रे बाबा," आजी म्हणाल्या. "बुडाला. फार सुंदर बुडाला."

मी वळलो. कठड्यावर बायको समुद्राकडे तोंड करून एकटीच बसली होती. शेजारी माझ्या जागेवर पर्स. आणि डोळे गच्च मिटलेले.

मी धावत तिच्यापाशी गेलो. "अगं, काय झालं? डोळा दुखतोय?"

"आलात? उघडू का आता?"

"म्हणजे तू बघितलाच नाहीस?"

"दोघांनी बघायचं ठरलं होतं ना? म्हटलं, तुम्ही येईपर्यंत मिटून बसावं. एकटीने बघून काय करू?"

"अगं वेडे, तो काय थांबतो का?"

"तुम्ही तरी कुठे थांबता?"

ती चिडून बोलली असती तर परवडलं असतं. ती शांतपणे बोलली. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू? "पुढच्या वेळी..." असं म्हणायला गेलो आणि तिथेच थांबलो. पुढच्या वेळी काय दिसणार होतं आणि काय नाही, ते मला कुठे ठाऊक होतं?

तिने पर्स उचलून मांडीवर घेतली. "बसा."

मी बसलो. पाण्यावर थोडा केशरी रंग उरला होता, तोही विटत चाललेला. लांब एक होडी होती. एवढंच. तेवढंच ती तिच्या एका डोळ्याने बघत राहिली. माझा हात तिने घट्ट धरला होता.

"किती छान आहे हो," ती म्हणाली.

होतं. पण जरा उजवीकडे, दोन खडकांच्या मधोमध, रंग अजून ताजा होता. कठड्याच्या त्या टोकावरून तर... मी अर्धवट उठलो.

"हलू नका!" बायको म्हणाली.

मी हललो नाही. श्वाससुद्धा जपून घेतला.