पट्टा रडतो, पुली कण्हते

म्हैसूरला सरस्वतीपुरममध्ये राहायला आले, त्याच्या दुसऱ्याच सकाळी गाडी चालू केली तर बॉनेटवर एक म्हातारे गृहस्थ आडवे. मला वाटलं, चक्करच आली. धावत खाली उतरले, तर त्यांनी हात वर करून मलाच गप्प केलं. "स्वल्प इरी, थांबा जरा. कण्हते आहे."

ते स्वतः धडधाकट होते. कण्हत होती ती माझी गाडी. हनुमंतराव जगतापांची आणि माझी ओळख झाली ती अशी.

हनुमंतराव शेजारच्या घरातले. त्यांचे पूर्वज कधीकाळी म्हैसूरच्या फौजेत शिपाई म्हणून आले आणि इथलेच झाले. यांचं आयुष्य गेलं कडकोळच्या एका कारखान्यात, पट्टे आणि पुल्यांच्या संगतीत. नोकरी संपली, संगत सुटली नाही. गल्लीत कुठलीही गाडी कुईकुई करू लागली की हे रबरी नळीचा तुकडा घेऊन हजर. नळीचं एक टोक कानाला, दुसरं इंजिनाकडे, डोळे मिटलेले.

"पट्टा रडतो, पुली कण्हते," हा त्यांचा सिद्धान्त. पट्टा थंडीत रडतो आणि चार थेंब पाणी शिंपडलं की त्याचा सूर बदलतो. पुलीच्या बेअरिंगला पाण्याचं सोयरसुतक नाही. ॲक्सिलरेटर दाबाल तशी ती वरच्या पट्टीत जाते. "गोत्तायता? कळलं ना, अम्मा?" पान्याला मात्र ते हात लावत नसत. "ते मेकॅनिकचं काम. मी सुम्ने, नुसतं ऐकणार."

एकदा समोरच्या प्राध्यापकांना त्यांनी कॉलेजला निघताना अडवलं. पट्टा गेलाय म्हणाले. प्राध्यापकांनी घाबरून इंजिन बंद केलं, तरी कुईकुई चालूच! आवाज हनुमंतरावांच्याच स्वयंपाकघरातून येत होता. सूनबाई ग्राइंडरवर इडलीचं पीठ वाटत होती. हनुमंतराव ढिम्म. "पट्टाच होता की नाही? घर चुकलं तेवढंच. परवागिल्ला, चालायचंच."

माझ्या गाडीचं निदान मात्र काही केल्या होईना. रोज सकाळी मला ऑफिसची घाई, आणि हे नळी लावून उभे. एसी लावा, एसी बंद करा, स्टिअरिंग फिरवा. मी आतून ओरडायची, "अहो, झालं का? किती वेळ तेच ते? उशीर होतोय मला, तुमचं आपलं काहीतरीच!" मी पहिल्यापासून फटकळ, नाशिकला आमच्या घरी सगळे मला वचकून असतात. आणि खरं सांगायचं तर, परमुलखात मराठीतून ओरडायला मला तरी दुसरं कोण होतं? हनुमंतराव गालातल्या गालात हसायचे. "पट्टा की पुली, डौट आहे अम्मा. उद्या परत ऐकू."

मग गाडी सर्व्हिसिंगला गेली आणि गॅरेजवाल्याने पट्टा ताणून धरणारी पुली आपणहून बदलून टाकली. दुसऱ्या सकाळी गाडी मुकाट चालू झाली. मी खुशीत काच खाली केली. "घ्या काका, गेला आवाज!"

हनुमंतरावांनी नळी लावली. एसी लावायला सांगितला, स्टिअरिंग फिरवायला सांगितलं. काही नाही. त्यांचा चेहरा उतरला. "पुलीच होती ती," ते हळूच म्हणाले. "पहिल्या दिवशीच कळलं होतं मला."

मी चिडलेच. "अहो, मग सांगायला काय झालं होतं? रोज मला काय म्हणून ताटकळत ठेवलंत?"

"हे, हेच," ते म्हणाले. "आमची मंजुळा असंच बोलायची. अहो, झालं का. अहो, किती वेळ. ती गेली आणि घरातलं मराठी गेलं. सून चांगली आहे, कन्नड घरातली आहे. मुलगा तिच्याशी कन्नड बोलतो, नातवंडं इंग्लिश. सगळे मर्यादेनं बोलतात, अम्मा. मराठीत रागावणारं कोणी इल्ला, कोणी उरलं नाही."

उशीर झालाच होता, तो आणखी होऊ दिला. "रविवारी घरी या, काका," मी म्हटलं. "पोहे करते."

"सुम्ने? काही काम नसताना?" ते गोंधळले. "घरी विचारलं तर काय सांगू?"

"पोहे खायला बोलावलंय म्हणून सांगा."

रविवारी आले. अंगात इस्त्रीचा शर्ट. हात मोकळे, त्यामुळे ते कुठे ठेवावेत हेच त्यांना कळेना. फ्रिजपाशी थबकले, पंख्याकडे पाहिलं. "काही आवाज वगैरे करतं का घरात?"

"नाही हो. सगळं ठीक आहे."

ते खुर्चीच्या कडेला टेकले. बशी हातात घेतली, पण खाईनात. मग बशीकडेच बघत म्हणाले, "तर तुम्हीच बोला, अम्मा. थोडं रागावून बोललात तरी चालेल."

"अहो, आधी ते पोहे खा!" मी ओरडले. "गार झाल्यावर खाणार आहात का?"

हनुमंतराव मान खाली घालून गुपचूप खाऊ लागले. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणावर रागावणं इतकं जड गेलं.